पॅड

त्याला पहिल्यांदा पाहणारा माणूस त्याचं तोंड शोधतो. ढोलकीला दोन तोंडं, हलगीला एक, संबळाला दोन. याला आठ आहेत आणि एकावरही कातडं नाही. वर चार, खाली चार, काळ्या रबराचे चौकोन. कडेच्या पट्टीत थोडी बटणं आणि आकडे दाखवणारी एवढीशी खिडकी. वीज नसेल तर काठी मारल्यावर नुसतं ‘टप’ होतं. वीज आली, वायर स्पीकरला गेली, की त्याच ‘टप’मधून घुंगरू, झांज, ढोल, तबला आणि कधीही न पाहिलेल्या आफ्रिकेतल्या एखाद्या गावाचा ड्रम बाहेर पडतो. दुकानदार त्याला ऑक्टापॅड म्हणतो, वाजवणारे नुसतं पॅड म्हणतात. मॉडेल सांगायचं असेल तर ‘ट्वेंटी आहे’ किंवा ‘थर्टी आहे’ एवढं पुरतं.

मावळात तो सगळ्यांच्या कानाच्या ओळखीचा आहे, पण त्याच्याकडे निरखून फार थोड्यांनी पाहिलं असेल. हळदीच्या मांडवात तो कीबोर्डवाल्याच्या शेजारी असतो. वरातीत टेम्पोच्या हौद्यात, जनरेटरच्या धुरात असतो. चैत्रात कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा आईच्या पालख्या चढतात, मुंबई, ठाणे, रायगडहून कोळी आणि आगरी मंडळी येतात, तेव्हा बेंजो पार्टीबरोबर तोही येतो. लोक गाणाऱ्याचं नाव विचारतात, ट्रंपेटवाल्याकडे बघत राहतात. कोळीगीताची सहा मात्रांची लय मात्र याच्या आठ चौकोनांतून येत असते आणि शेकडो पावलं तिच्यावर पडत असतात.

मी त्याला घरातला मानतो. लोणावळ्यात पावसाळ्याचे चार महिने बाहेर पडणं अवघड होतं, आणि त्या महिन्यांत हौसेने संगीत करणाऱ्या माणसाला एक कायमचा सोबती लागतो. तरुण मुलं विचारतात, “काका, घरी बसून इलेक्ट्रॉनिक म्युझिक करायचंय, आधी काय घेऊ? कीबोर्ड की लॅपटॉप? सॉफ्टवेअर कोणतं?” मी त्यांना उलट विचारतो, तुझ्या हाताला काय येतं? बहुतेकांना उत्तर द्यायला वेळ लागतो, कारण हाताला काही येतं असं त्यांना वाटतच नसतं. मग एकेक निघतं. शाळेत लेझीम खेळलेला असतो. गणपतीत पथकात ताशा धरलेला असतो. बैलगाडा शर्यतीत मामाची हलगी वाजवून बघितलेली असते. आजोबांबरोबर काकड्याला बसून पखवाजाचा ठेका मांडीवर गिरवलेला असतो. माघ शुद्ध दशमीला भंडारा डोंगरावर जमणाऱ्या टाळकऱ्यांत उभा राहिलेला मुलगा ताल शिकायला कोऱ्या पाटीने येत नाही. अशा मुलाच्या हातात पियानोच्या पट्ट्या दिल्या तर तो पहिलं वर्षभर बोटं कुठे ठेवायची यातच अडकतो. काठी दिली तर पहिल्या संध्याकाळी काहीतरी वाजतं. हौस टिकण्यासाठी ती पहिली संध्याकाळ फार मोलाची असते, म्हणून मी पॅडकडे बोट दाखवतो.

कीबोर्डला मी कमी लेखत नाही. पण आपल्याकडे ज्याला सरसकट ‘कॅसिओ’ म्हणतात त्या घरगुती कीबोर्डमध्ये तयार ठेके भरलेले असतात. डाव्या हाताने एक पट्टी दाबली की ढोलक, बास, गिटार सगळं आपोआप सुरू होतं. पाहुण्यांना ते आवडतं, मुलालाही महिनाभर आवडतं, पुढे त्याच्या लक्षात येतं की आपण फक्त सुरू आणि बंद करतो आहोत. पॅड असं काही करत नाही. तुम्ही मारल्याशिवाय तो गप्प. मात्रा चुकली तर चुकलेलीच ऐकवतो, हळू मारलं तर हळू बोलतो. त्याचा हा सरळपणा मला सगळ्यात जास्त आवडतो.

त्याच्या घराण्याची गोष्ट जपानमधली. ओसाकाला १९७२ साली इकुतारो काकेहाशी यांनी रोलँड कंपनी सुरू केली. या माणसाने तरुणपणी घड्याळं दुरुस्त करून पोट भरलं होतं आणि त्याचं संगीताचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. लयीचं यंत्र घड्याळजीच्या हातून घडावं हे मला फार योग्य वाटतं. १९८३ साली मिडी आलं. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू शकतील अशी ही समाईक बोली. त्या कामासाठी काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी मिळालं. मिडीतून आवाज जात नाही, फक्त निरोप जातो: कोणती नोट, केव्हा, किती जोरात. जोर ० ते १२७ अशा आकड्यांत मोजला जातो. १९८५ साली आलेला पहिला ऑक्टापॅड, पॅड-८, हा निव्वळ निरोप्या होता. त्याच्या पोटात एकही आवाज नव्हता. काठीचा मार झेलायचा आणि शेजारच्या यंत्राला सांगायचं, एवढंच त्याचं काम.

पोटात आवाज आले ते पुढच्या पिढ्यांत. १९९८ सालचा एसपीडी-२० हा या घराण्यातला आपल्याकडे सर्वाधिक रुळलेला. त्याच्यात ७०० आवाज आणि ते मांडून ठेवायला ९९ जागा. एकेका जागेला वादक पॅच म्हणतात. पुढे २०१० साली एसपीडी-३० आला. त्याला यूएसबी होतं, वाजवलेला ठेका फिरवत ठेवून त्यावर दुसरा चढवायची सोय होती. त्यानंतर आपले स्वतःचे रेकॉर्ड केलेले आवाज भरता येतील असा एसपीडी-एसएक्स आला. नवीन आले म्हणून ट्वेंटी घरी बसला नाही. ऑर्केस्ट्रावाल्यांच्या पिशव्यांतून तो अजून फिरतो आहे, कारण वादकांना त्याचे पॅच नंबरासकट पाठ आहेत. लावणीला कोणता, कोळीगीताला कोणता, आरतीला कोणता, हे गाणं सुरू होण्याआधीच बोट दाबून मोकळं होतं.

त्याची खरी हुशारी एका चौकोनावर दोन आवाज ठेवण्यात आहे. हलक्या हाताला एक आणि जोराच्या हाताला दुसरा असं लावता येतं. ढोलकीची चाट आणि थाप एकाच जागेवर घेता येते ती यामुळे. प्रत्येक आवाजाची पट्टी खालीवर करता येते, म्हणजे गाणाऱ्याचा सूर पांढरी चार असो की काळी एक, ढोलकी त्याच्याजवळ आणून ठेवता येते. मात्र एका वेळी तो १४ आवाजांपर्यंतच जातो. प्रत्येक चौकोनावर दोन-दोन आवाज लावून झांजेसारखा लांबणारा आवाजही त्यात घातला, तर वेगाच्या तुकड्यात आधीचे आवाज मध्येच कापले जातात. नवशिक्याला वाटतं मशीन बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, आवाज कमी केले की पुन्हा मोकळं वाजतं.

त्याच्या मर्यादाही सांगायलाच हव्यात. ढोलकीच्या डाव्या बाजूला वादक तळवा सरकवतो आणि घुमा खालून वर जातो, ती सरकती मींड याला येत नाही. काठी रबरावर पडते आणि उठते. पडल्यानंतरचं काही त्याला कळत नाही. पखवाजावरच्या कणकेचा ओलसर नाद त्याला ठरावीक साच्यातच माहीत आहे. एका चौकोनावर जोरात मारलं की कधीकधी शेजारचा चौकोनही दचकून बोलतो. त्यासाठी प्रत्येक चौकोनाची संवेदनशीलता एकदा शांतपणे बसवून घ्यावी लागते. ज्याला मींड हवी, आस हवी, त्याने याच्याकडे येऊ नये, किंवा याच्या जोडीला दुसरं काहीतरी घ्यावं.

ते दुसरं काय असावं, हे मी मुंबईच्या चरणजित सिंग यांच्याकडून शिकलो. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षं वाजवलेला हा माणूस. १९८२ साली त्यांनी रोलँडचीच तीन यंत्रं एकत्र केली: ठेक्याला टीआर-८०८, बासला टीबी-३०३ आणि सुरांना ज्युपिटर-८. त्यांवर दहा राग डिस्कोच्या लयीत वाजवले आणि एचएमव्हीने ती तबकडी काढली. तेव्हा तिची फारशी दखल कोणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा जग चकित झालं, कारण शिकागोत जे ॲसिड हाउस संगीत काही वर्षांनी जन्माला आलं त्याच्याशी तिचं रूप विलक्षण जुळत होतं. मला त्यातली निवड महत्त्वाची वाटते. टीबी-३०३ हे गिटार वाजवणाऱ्याला साथीचा बास मिळावा म्हणून केलेलं यंत्र. धंद्यात ते आपटलं आणि १९८४ साली बंदही झालं. पण त्यात एका नोटेवरून दुसरीवर घसरत जायची सोय होती, आणि रागाची चाल ज्याच्या कानात आहे त्याला घसरणाऱ्या सुराचा उपयोग कोणी समजावून सांगावा लागत नाही. सिंग यांचा कान आधी तयार होता आणि यंत्र त्या कानाने निवडलं गेलं. २०१५ साली ते गेले. हौशी माणसाने सामान घेण्याआधी ती दहा रागांची तबकडी एकदा शांतपणे ऐकावी.

आता लॅपटॉप. पॅडचं आणि लॅपटॉपचं चांगलं जमतं, पण ओळख करून देताना थोडा धीर लागतो. ट्वेंटीला यूएसबी नाही, पाच पिनांची जुनी मिडी जागा आहे. आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी जी छोटी पेटी असते, ऑडिओ इंटरफेस, तिच्यातल्या काहींना ही पाच पिनांची जागा असते. घेताना तेवढं बघून घ्यावं. अगदी स्वस्तातल्या मिडी वायरी घाईत वाजवलेल्या नोटा गाळतात असा माझा अनुभव आहे. दुसरी अडचण उशिराची. काठी पडल्यापासून लॅपटॉपमधून आवाज येईपर्यंत थोडा वेळ जातो. सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशेबाने सॉफ्टवेअरमध्ये बफर, म्हणजे एका वेळी साठवायच्या नमुन्यांची संख्या, १०२४ ठेवला तर एकट्या बफरमुळे सुमारे २३ मिलिसेकंद जातात. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे आपण मारलेला ढोल जवळजवळ आठ मीटरवरून ऐकू आल्यासारखं होतं. मात्रा मागे ओढली जाते आणि मुलगा स्वतःच्या हाताला दोष देतो. बफर २५६ वर आणला की हा वेळ सहा मिलिसेकंदांच्या आत येतो आणि हात पुन्हा ताळ्यावर येतो. एवढं एक सेटिंग माहीत नसल्याने कित्येक हौशी माणसांनी सामान विकून टाकलं असेल, याची मला हळहळ वाटते.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: कोणतंही एक घ्या आणि निदान वर्षभर बदलू नका. एलएमएमएस फुकट आहे आणि शिकायला पुरेसं आहे. रीपर पूर्ण क्षमतेनिशी ६० दिवस वापरून बघता येतं आणि घरगुती परवाना इतरांच्या मानाने स्वस्त आहे. साध्या लॅपटॉपवरही ते हलकं चालतं, म्हणून माझं मन तिकडे झुकतं. आपल्याकडची रिमिक्स करणारी पोरं बहुतेक एफएल स्टुडिओवर असतात. बेल्जियमच्या या सॉफ्टवेअरची एक गोष्ट खरोखर उदार आहे, एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या कायम फुकट मिळतात. पण त्याच्या फुकट आवृत्तीत साठवलेलं गाणं पुन्हा उघडता येत नाही, हे आधी माहीत असावं. बर्लिनहून आलेलं एबलटन लाइव्ह रंगमंचावर वाजवणाऱ्याला फार सोयीचं. घरी बसून दोन मिनिटांचा तुकडा करणाऱ्याला या सगळ्यांतला फरक पहिल्या वर्षात जाणवत नाही. चोरीचं सॉफ्टवेअर मात्र घेऊ नका. त्यातून व्हायरस येतो हा धोका आहेच. शिवाय ज्याला पुढे आपल्या कलेचे पैसे मिळावेत असं वाटतं त्याने दुसऱ्याच्या मेहनतीचे बुडवू नयेत.

खरेदीला पुण्यात बुधवार पेठेत जावं. वायरी, जॅक, अ‍ॅडॉप्टर यांसाठी तपकीर गल्ली आहेच. जुना पॅड घ्यायला हरकत नाही, लग्नसराई उरकल्यावर वादक जुने विकून नवे घेतात. पण हेडफोन आणि काठ्या बरोबर न्याव्यात. आठही चौकोनांवर आधी बोटाच्या टिचकीएवढ्या हलक्या हाताने मारून बघावं. जोराच्या माराला थकलेला चौकोनही उत्तर देतो, हलक्याला देत नाही. जॅक लावून किंचित हलवावा, खरखर आली तर आत सांधा सुटलेला असतो. अ‍ॅडॉप्टर मूळचा आहे का हे पाहावं. ९ व्होल्टचा कोणताही चालेल असं कोणी सांगितलं तरी ऐकू नये, पिनेतलं अधिक-उणे उलटं असेल तर यंत्राला इजा होऊ शकते. आणि घरी आणल्यावर आधीच्या मालकाचे पॅच लगेच पुसू नयेत. कुणीतरी वर्षानुवर्षं मांडवांत घासून तयार केलेले ते पॅच असतात. ढोलकीला घुंगराची किती किनार द्यावी, ढोलामागे किती गुंज ठेवावी, हे त्यातून शिकायला मिळतं. आधी ते वहीत उतरवून घ्यावेत.

लोणावळ्याच्या पावसात त्याचा स्वभाव खुलतो. जूनच्या अखेरीस धुकं घरात शिरतं, चामडी पट्ट्यांवर बुरशी धरते, पुस्तकं फुगतात. ढोलकीची शाई ओलसर होते, कातडं सैल पडतं, हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही. याची पट्टी मात्र केसभरही उतरत नाही. दमट खोलीत, दोन महिने ऊन न पाहता, तो मे महिन्यातल्याच आवाजात वाजतो. तरी त्याला जपावं लागतं. ओल बटणांत आणि जॅकच्या भोकांत बसते. आमच्याकडे कपड्यांच्या कपाटात दिवा लावून ठेवायची जुनी पद्धत आहे, तशाच कपाटात तो राहतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. आणि रोज थोडा वेळ चालू करावा, आतल्या उबेने ओल हटते. विजेचा भरवसा नसतो, दिवे मंद होतात आणि एकदम प्रखर होतात, म्हणून तो थेट भिंतीतल्या सॉकेटला लावू नये. मध्ये स्टॅबिलायझर किंवा यूपीएस असावा.

रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला दंडक. शनिवार-रविवारी बंगल्यांतून येणारा डीजेचा दणका ज्यांनी सोसला आहे त्यांना त्याचं मोल कळतं. आंबी व्हॅलीत एनचँटेड व्हॅली कार्निव्हल भरायचा तेव्हा इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे प्रचंड आवाज, हाच अर्थ इथल्या पुष्कळ लोकांच्या मनात पक्का झाला. पॅडला हेडफोनची जागा आहे. रात्री अकराला, घरचे झोपलेले असताना, माणूस त्यावर अख्खी मिरवणूक वाजवू शकतो. काठीचा टपटप आवाज फरशीतून खालच्या मजल्यावर जातो, त्याला स्टँडखाली जाड सतरंजी पुरते. स्पीकर नंतर घ्यावेत. छोट्या खोलीत, उघड्या भिंतींमध्ये, स्पीकर ढोलाचा घुमारा खोटा वाढवून सांगतात आणि आपण गाण्यातला बास कमी करून बसतो. पहिले पैसे बऱ्या हेडफोनवर घालावेत.

सध्या मला त्याच्याकडून संबळ हवा आहे. गोंधळ्यांच्या संबळाचं धाकटं तोंड चढं बोलतं आणि थोरलं खर्जात; दोन्हींचे मार एकमेकांत गुंततात तेव्हा देवीच्या अंगणात उभ्या माणसाच्या अंगावर काटा येतो. ट्वेंटीच्या ७०० आवाजांत जवळपास जाणारे आवाज आहेत, त्यांवर काम भागतं. पण जवळपासवर माझं समाधान होत नाही. ट्वेंटीत बाहेरचे आवाज भरता येत नाहीत, मात्र तो मिडीने लॅपटॉपला सांगू शकतो. म्हणून संबळ वाजवणाऱ्या माणसाला रीतसर विचारून, त्याचं मानधन देऊन, प्रत्येक तोंडाचे मार सुटे रेकॉर्ड करायचे: हलका, मध्यम, जोराचा, आणि प्रत्येकाचे तीन-चार नमुने. एकच नमुना पुन्हा पुन्हा वाजला की कानाला लगेच यंत्र कळतं. आळीपाळीने वाजले तर हात कळतो. ते रीपरमधल्या सँपलरमध्ये बसवायचे, धाकट्या तोंडाला नोट ३८ आणि थोरल्याला ३६ द्यायची. खालचे डावीकडचे दोन चौकोन त्यांच्यासाठी मी मोकळे करून ठेवले आहेत. हे रेकॉर्डिंग पावसात करण्यात अर्थ नाही. नवरात्रापर्यंत हवा कोरडी व्हायला लागते, कातडं ताणावर येतं आणि गोंधळी मंडळींचा हात रोज वाजवून बसलेला असतो. त्यांचे कार्यक्रम सकाळी उरकले की दुपारी घरी बोलवायचं आणि माइक दोन्ही तोंडांपासून हातभर लांब ठेवायचा.